आईची पॅन्टोप्राझोल खरंच जन्माची आहे का?

कोयनाकाठ (प्रश्न)

आई ६८ वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कराडला असते. गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा पोटाला बाधू नये म्हणून सोबत पॅन्टोप्राझोल ४० (पोटातलं आम्ल कमी करणारी, ४० मिलिग्रॅमची गोळी) दिली होती. दुखण्याच्या गोळ्या केव्हाच सुटल्या, ही मात्र रोज सकाळी सुरूच राहिली. दुकानात रिकामं पाकीट दाखवलं की नवीन मिळतं. साखरेसाठी मेटफॉर्मिनही आहे.

हल्ली तळपायांना मुंग्या येतात, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. रक्त तपासलं तर बी-१२ बरंच कमी. त्यातच नात्यातल्या एकाने सांगितलं की या गोळीने हाडं ठिसूळ होतात, किडनी जाते, विसराळूपणा येतो. आईने घाबरून गोळी एकदम बंद केली आणि दोन-तीन दिवसांत छातीत अशी आग पडली की रात्रभर भिंतीला टेकून बसली. आता म्हणते, "माझं दुखणं मुरलंय, ही गोळी आता जन्माची."

खरंच तसं असतं का? आणि नुकसान व्हायचं ते होऊन गेलं का? फार काळजी वाटते.

जुना केमिस्ट, सातारा

ताई, आधी आईंना धीर द्या. बंद केल्यावर उसळलेली जळजळ म्हणजे दुखणं मुरलं असं नव्हे. गोळी आम्ल अडवून धरते, तेव्हा शरीर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवून पोटाला आम्ल करायला सांगत राहतं. गोळी अचानक थांबली की दाबलेली स्प्रिंग सुटावी तसं होतं. २००९ साली डेन्मार्कमध्ये पोटाची काहीही तक्रार नसलेल्या निरोगी माणसांना आठ आठवडे इसोमेप्राझोल (याच जातीची गोळी) देऊन ती बंद केली. त्यातल्या ४४ टक्के लोकांना नंतर आम्लपित्ताचा त्रास झाला. नुसती खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. म्हणजे हा त्रास गोळी सुटल्याचाही असू शकतो, आणि तो काही आठवड्यांत उतरतो.

बी-१२चं मात्र मनावर घ्या. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं, ते सुटं करायला आम्ल लागतं. मेटफॉर्मिननेही बी-१२ कमी होतं. आई शाकाहारी असतील तर दूध-दही सोडून ते मिळणार कुठून? तिन्ही गोष्टी एकाच माणसात आल्या की बी-१२च्या कमतरतेने येणाऱ्या पायांच्या मुंग्या साखरेच्या नावावर खपून जातात. बी-१२ची गोळी किंवा इंजेक्शन आम्लावर अवलंबून नसतं, त्यामुळे उपाय सोपा आहे. फक्त उशीर नको, नसांची इजा जुनी झाली की पूर्ण भरून येत नाही.

मॅग्नेशियमही तपासून घ्या, विशेषतः पोटऱ्यांत गोळे येत असतील किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये तसा इशारा दिला होता. त्यांचाच २०१०चा इशारा हाडं मोडण्याबद्दल होता.

हाडं, किडनी, विसराळूपणा याबद्दल मात्र घाबरवणारं जितकं पसरलंय तितका पुरावा पक्का नाही. बरेचसे अभ्यास नोंदी चाळून केलेले आहेत, आणि या गोळ्या घेणारी माणसं मुळातच जास्त आजारी असतात. २०१९ मध्ये सतरा हजारांवर हृदयरुग्णांची चाचणी छापून आली. निम्म्यांना पॅन्टोप्राझोल ४०, निम्म्यांना खोटी गोळी, सुमारे तीन वर्षं. आतड्याचे संसर्ग तेवढे किंचित जास्त निघाले, बाकी फरक नाही. तीन वर्षं म्हणजे जन्मभर नव्हे, हेही खरं.

डॉक्टरांना एवढंच विचारा: गोळी ज्यासाठी दिली ते कारण आज उरलंय का? नसेल तर ते ४०ची २० करतील, मग दिवसाआड, मधे लागलं तर फॅमोटिडीन (आम्ल कमी करणारी वेगळ्या जातीची गोळी) किंवा पातळ अँटासिड. आणि चालू असेतो जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. जेवल्यावर घेतली तर तिचा जोर कमी पडतो.

नाशिकची लेक

वरचं सगळं पटलं, पण कृपा करून कुणी हे वाचून परस्पर गोळी सोडू नका. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, रक्त गोठू न देणारी दोन्ही औषधं चालू. एका लग्नात कुणी म्हणालं, ॲसिडिटीची गोळी विष असते. बाबांनी कुणालाही न सांगता सोडली. पुढे शौचाला डांबरासारखी काळी होऊ लागली, जिना चढताना धाप लागायला लागली. अल्सरमधून रक्त जात होतं. रक्त चढवावं लागलं. त्यांच्यासाठी ती गोळी पोटाचं रक्षण करत होती. अन्ननलिकेला जखम असलेले, बॅरेट्स (आम्लाने अन्ननलिकेचं अस्तर बदलणं) असलेले यांनीही डॉक्टरांशिवाय हात लावू नये. आणि क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल ही याच जातीची गोळी चालत नाही, पॅन्टोप्राझोलच का दिली ते आम्हाला तेव्हा कळलं.

कोयनाकाठ

मनापासून आभार. काल फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन आलो. बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली, मॅग्नेशियम ठीक आलं. गिळायला त्रास, वजन घटणं, शौचाला काळी होणं असं काही नाही ना, हे त्यांनी नीट विचारलं. सध्या २०ची गोळी. रात्रीचं जेवण आठच्या आत, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. एकादशीला दिवसभर चहा आणि रात्री साबुदाणा वडे, हे बंद करायला आई कशीबशी कबूल झाली आहे. एक विचारायचं राहिलं, तिची कॅल्शियमची गोळी चालते का यासोबत?

जुना केमिस्ट, सातारा

पाकिटावर कार्बोनेट लिहिलं असेल तर त्याला विरघळायला आम्ल लागतं, जेवणासोबतच द्या. सायट्रेट असेल तर केव्हाही चालेल. तेच बदलून मिळतं का विचारा.