साखरपुड्याच्या हिऱ्याच्या अंगठीला जुना मराठी शब्द आहे का?

प्रश्न :
भाचीचा साखरपुडा आहे, इथेच बडोद्यात, सुलतानपुऱ्यातल्या घरी. मुलाकडची मंडळी गुजराती. दोघं एकमेकांना हिऱ्याची अंगठी घालणार. पत्रिकेत 'रिंग सेरेमनी' नको, असं ताईचं म्हणणं. 'मुद्रिकाविधी' कसं वाटेल? आणि हिरा कायमचा, म्हणून लग्नाला शुभ, हा अर्थ आपल्या भाषेत किती जुना आहे?

उत्तर १ :
जुना शब्द नाही, कारण रीतच जुनी नाही. आपल्याकडे लग्न ठरायचं ते शब्दावर आणि साखरेवर. वाङ्निश्चय आणि साखरपुडा, दोन्ही नावांत अंगठी कुठेच नाही. ती मागाहून आली.

युरोपात ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियननं १४७७ साली बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली, हा दाखला नेहमी देतात. पण ती राजघराण्यातली गोष्ट. १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत मुबलक हिरे निघू लागले, १८८८ मध्ये डी बीअर्स कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये तिच्या जाहिरातीसाठी फ्रान्सेस गेरेटी यांनी 'हिरा कायमचा असतो' या अर्थाची ओळ लिहिली. आज दुकानादुकानांत ऐकू येणारा 'कायमचा' तिथून आला.

मराठीतला हिरा मुख्यतः अस्सल असतो. 'माणूस हिरा आहे' म्हणताना तो किती टिकेल हे आपल्या मनातही नसतं. 'हिऱ्यापोटी गारगोटी'तही प्रश्न कसाचाच आहे. तुकोबांच्या अभंगात ऐरणीवर ठेवून घण मारला तरी वाचतो तोच खरा हिरा ठरतो, म्हणजे तिथेही घाव सोसणं हा खरेपणाचा पुरावा. (प्रत्यक्षात ही परीक्षा कोणी घेऊ नये. हिऱ्यावर सहज ओरखडा उठत नाही, पण ठरावीक दिशेनं घाव बसला तर तो दुभंगतो. कारागीर कच्चा हिरा फोडायला हाच गुण वापरत आले.) अभंगपणा सांगायचा झाला की मराठी माणूस 'वज्र'च म्हणतो: वज्रमूठ, वज्रलेप. संस्कृतात वज्र म्हणजे हिरासुद्धा, पण आपल्या बोलण्यात दोघांनी कामं वाटून घेतली आहेत.

उत्तर २ :
बडोद्याचं म्हणाल तर इथला सगळ्यांत नावाजलेला हिरा, स्टार ऑफ द साऊथ, ब्राझीलमध्ये १८५३ साली सापडला. पैलू पाडल्यावर वजन सुमारे १२८ कॅरट. गायकवाडांनी तो विकत घेतला आणि पुढे हारात जडवला. ते सारं राजवैभव, सोयरिकीशी त्याचा संबंध नाही.

आपल्या पोरांच्या तोंडी अंगठीला 'वींटी' येतं, ते मला खटकत नाही. शेजारच्या भाषेतून घरात आलेला शब्द आहे. मुलाकडचे गोळधाणा वाटतील, तुम्ही साखर वाटा.

उत्तर ३ :
'मुद्रिका'बद्दल माझी हरकत आहे. मुद्रा म्हणजे शिक्का, खूण. मारुतीनं लंकेत सीतामाईला दिली ती रामाची मुद्रिका, दूताची ओळख पटावी म्हणून. दुष्यंतानं शकुंतलेला दिलेली तर हरवली आणि ताटातूट झाली. दोन्ही कथा विरहाच्या. हा शब्द साखरपुड्याच्या पत्रिकेवर मी तरी घालणार नाही. वर 'साखरपुडा' छापा, खाली मजकुरात 'दोघं एकमेकांना अंगठी घालतील' एवढं साधं वाक्य लिहा. गुजराती पाहुण्यांसाठी शेजारी 'सगाई' असू द्या.

प्रश्नकर्ता :
ताईला वाचून दाखवलं. 'साखरपुडा' पक्कं. आता तिची शंका अशी की मजकुरात 'अंगठी'ऐवजी 'मुदी' लिहिलं, तर पंचविशीतल्या पाहुण्यांना कळेल का?