शेकायची रबरी पिशवी गळते. तिच्याऐवजी साध्या बाटलीत कढत पाणी भरलं तर चालतंय का?

जांबोटीकर:
आईचं वय ७२, शुगर आहे. पावसाळ्यात पाय गार पडतात म्हणून रात्री पिशवीनं शेक लागतो. पिशवी दोन लिटरची आहे, आता बुचाजवळ थेंब थेंब गळते. बूच दाबून आवळलं तरी फरक नाही. कोण म्हणतं विकतच्या पाण्याची बाटली भर, कोण म्हणतं काचेची क्वार्टर फडक्यात गुंडाळून दे. बंबात पाणी तापलेलंच असतंय. काय वापरावं? आणि रोप लावणीला शेतात चहा न्यायला कसली बाटली बरी?

वायसरवाला:
आधी बूच काढून खालचा वायसर बघा. दाबून दाबून तो चपटा आणि कडक होतो, मग कितीही आवळा, पाणी येणारच. उलट जास्त आवळलं की गळ्यातले आटे खराब होतात. वायसर बदलून गळती थांबली तर ठीक. पण आटे असलेला भाग आणि रबर यांच्या सांध्यातून पाणी येत असेल तर पिशवी टाका. पंक्चरचा पॅच लावू नका, गरम पाण्यानं त्याचं सोल्युशन मऊ पडून तो सुटतो.

पिशवीचं वय बघायचं असेल तर गळ्याजवळ फुलासारखी खूण असते का बघा. मधला आकडा वर्षाचा, बारा पाकळ्या म्हणजे बारा महिने, पाकळीतले ठिपके आठवड्यांचे. पिशवी बनल्याची ती तारीख. दोन वर्षं वापरली की बदलायची. सगळ्याच पिशव्यांवर फूल नसतं. नसेल तर गळा दुमडून उजेडात धरा. केसासारख्या बारीक भेगा दिसल्या, रबर चिकट लागलं किंवा वाळल्यासारखं कडक झालं, तर तिचे दिवस भरले. गुडघ्याला तेल किंवा बाम चोळून त्यावरच पिशवी ठेवायची सवय घरोघरी आहे, रबर लवकर जातं ते त्यामुळंच. तेलानं रबर फुगतं आणि मऊ होतं.

भरताना दोन तृतीयांशच भरा, म्हणजे दोन लिटरच्या पिशवीत साधारण १.३ लिटर. गळा धरून उभी ठेवा, नरसाळ्यानं सावकाश ओता. घाई केली की आतली हवा पाण्यासकट उसळून हातावर येते. मग पिशवी ओट्यावर हळूहळू आडवी करत न्या. पाणी तोंडाशी दिसलं की हवा गेली, तेव्हाच बूच लावा. हवा राहिली तर पिशवी फुगून टणक होते, आणि कोण तिच्यावर रेललं की सांधा फुटतो. बूच लावल्यावर मोरीत उलटी धरून जरा दाबून बघा. वापर झाला की पाणी ओतून टाका आणि बूच काढून उलटी टांगा. बंबाजवळ किंवा उन्हात नको.

फॅक्टरीवाला_उद्यमबाग:
विकतच्या पाण्याची बाटली पेटची, बुडाला त्रिकोणात १ असतो. हे प्लॅस्टिक ७० अंशांच्या आसपास मऊ पडतं. बाटली ताणून फुगवलेली असते, गरम पाणी पडलं की आकसून वेडीवाकडी होते. गळ्याचे आटेही बिघडतात, मग टोपण लागलंय असं वाटतं पण धरत नाही. ती अंथरुणात नकोच.

काचेच्या क्वार्टरचं बूड जाड असतं. आतली बाजू तापून फुगते, बाहेरची गारच राहते, त्या ताणानं बूड तडकतं. गार फरशीवर ठेवून ओतलं तर आणखीच लवकर.

जांबोटीकर:
पण ज्यूसच्या बाटल्या कारखान्यात गरमच भरतात की ओ?

फॅक्टरीवाला_उद्यमबाग:
भरतात, ८५ अंशांच्या आसपास. पण ती बाटली मुद्दाम तापवून स्थिर केलेली, जाड, आणि गार होताना आत ओढली जावी म्हणून अंगाला चौकटी असलेली. भरली की लगेच गार करतात. ती रोज तापवून अंगाखाली घ्यायला बनवलेली नाही.

नर्सबाई_खानापूर:
दादा, मुख्य गोष्ट शुगरची. शुगरमुळं पायाची जाणीव कमी झालेली असते, चटका बसतो तरी कळत नाही. कातडीला ४४ अंश सहा तास लागून राहिले तरी भाजतं, ६० अंशांना पाच सेकंद पुरतात. म्हणून आईच्या पायाला पिशवी लावूच नका. झोपायच्या अर्धा तास आधी पांघरुणात ठेवा, त्या आडव्या व्हायच्या आधी काढून घ्या आणि पायात लोकरीचे मोजे घाला.

उकळतं पाणी पिशवीत कधीच नको. बेळगाव साडेसातशे मीटरवर असल्यानं इथं पाणी ९७-९८ अंशांना उकळतं. त्यात तेवढंच नळाचं पाणी मिसळलं की ६० च्या जवळ येतं, तेवढं भरपूर झालं. बंबाच्या पाण्याचा नेम नाही, जाळ मोठा असला तर तेही उकळतंच. वरून जाड टॉवेलची घडी हवीच.

भाजलंच तर पैंजण, जोडवी लगेच काढा आणि वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. शुगरवाल्यांनी फोड लहान असला तरी दवाखाना गाठायचा.

वायसरवाला:
चहासाठी स्टीलचा दुहेरी भिंतीचा थर्मास घ्या. (शेकायला तो काही कामाचा नाही, बाहेर गारच राहतो.) एकेरी स्टीलच्या बाटलीचं उलट, तिचं अंग आतल्या चहाइतकंच तापतं. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून टाका, मग चहा भरा, आणि बुचाखाली बोटभर जागा सोडा. गाडीवर हिंदकळलेला थर्मास एकदम उघडू नका. तोंड लांब धरून अर्धा आटा सैल करायचा, वाफ गेली की पूर्ण काढायचा. दुधाचा चहा चार तासांत संपवा, कोमट राहिलेला नासतो. घरी आल्यावर बुचाची रबरी रिंग काढून धुवा, दूध साचून वास मारतो तो तिथंच.