सोलापुरी चादरीच्या नक्षीची सीमलेस टाइल कशी करायची?

मंडळी, मदत हवी आहे. सोलापुरात साखर पेठेत मामांचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे, त्यांची वेबसाइट करतोय. बॅकग्राउंडला आयतं पॅटर्न नकोय. फुकट पॅटर्नच्या साइटवर 'इंडियन' टाकलं की तीच कैरी आणि तेच मंडल, सोलापूर त्यात कुठेच नाही. म्हणून घरातल्या जुन्या जेकार्ड (विणतानाच नक्षी उठवलेल्या) चादरीचा फोटो काढून त्याचीच सीमलेस टाइल, म्हणजे शेजारी-शेजारी लावली तरी जोड न दिसणारा तुकडा, करायला घेतली.

गच्चीवर उन्हात फोटो काढला. गिंप या फुकट फोटो-एडिटरमध्ये ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा चौकोन कापला, ऑफसेटने दोन्ही दिशांना निम्मा सरकवला आणि मधोमध आलेली जोडाची फुली क्लोन टूलने झाकली. आता अडचणी अशा:

पहिली, जोड बुजतो पण तिथलं फूल बेढब होतं. 'टाइल सीमलेस' फिल्टरही लावून पाहिलं. ते कडा एकमेकींत मिसळतं, त्यामुळे वाळू किंवा सिमेंटच्या पोताला चालेल, नक्षीत मात्र फुलावर फूल चढलेलं दिसतं.

दुसरी, पूर्ण स्क्रीनवर लावलं की टाइलचा एक उजळ कोपरा ओळीने दिसत राहतो, रात्रीच्या एसटीच्या खिडक्यांसारखा.

तिसरी, मोबाइलवर टाइलांच्या मध्ये केसाएवढी पांढरी रेघ येते. लॅपटॉपवर येत नाही. सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये) बॅकग्राउंड-साइझ ३३ टक्के आहे.

फोटोशॉप घ्यायचं बजेट नाही. मामा वरून विचारतात, "एवढं काय त्यात, चादर समोर तर आहे!"

प्रतिसाद – धोटा

मामा बरोबर बोलतायत! ५१२ हा आकडा तुमचा, चादरीचा नाही. चादरीत नक्षी मुळातच रिपीट होते. एका फुलाच्या मध्यापासून पुढच्या तशाच फुलाच्या मध्यापर्यंत कापा, आडवं आणि उभं दोन्हीकडे. रांगा एकाआड एक अर्ध्याने सरकलेल्या असतील तर दोन रांगा मिळून एक टाइल धरा. कापण्याआधी पर्स्पेक्टिव्ह टूलने चार फुलांचे मध्य काटकोनात आणा, कापड कधीच सरळ पडत नाही. मग क्लोनचं काम उरलं तर नावापुरतं.

उजळ कोपऱ्यासाठी फोटो सावलीत, ढगाळ दिवशी घ्या. तोच फोटो वापरायचा असेल तर लेयरची प्रत काढून तिचे रंग घालवा, भरपूर गॉशियन ब्लर द्या आणि मोड 'डिव्हाइड' करा. पांढरट झालं तर खालचा मूळ लेयर लेव्हल्सने गडद करा. हे मात्र टाइल कापायच्या आधी.

रेघ त्या टक्क्यांमुळे. टाइलची रुंदी अपूर्णांकात गेली की ब्राउझर कडेचा पिक्सेल धूसर करतो. टाइल २४० पिक्सेलची करा आणि साइझ १२० पिक्सेल द्या.

प्रतिसाद – पूर्वभागकर

फोटोच्या भानगडीत पडताच कशाला? जेकार्डची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर ग्राफ म्हणून काढतात, त्यावरून मागाला नक्षी सांगणाऱ्या पुठ्ठ्यांना भोकं पडतात. एक चौकट म्हणजे एक पिक्सेल समजा आणि क्रिता या फुकट चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये रॅप-अराउंड मोड लावून काढा. डावीकडे काढलेलं लगेच उजवीकडून येताना दिसतं, जोडाचा प्रश्नच नाही. फक्त इंचाला उभे धागे आणि आडवे धागे सारखे नसतात. चौकोनी पिक्सेलवर मोर बुटका किंवा लांबट होईल, तेवढं प्रमाण शेवटी ताणून घ्या.

आणि नक्षी कोणाची ते आधी विचारा. जीआय (भौगोलिक मानांकन) नोंदणी 'सोलापुरी चादर' या नावाला आहे. एखाद्या कारखान्याची नक्षी डिझाइन कायद्याखाली वेगळी नोंदलेली असू शकते, ते संरक्षण १० वर्षांचं, वाढवून १५.

धागाकर्ता

धोटा, साइझ बदलताच रेघ गेली. पूर्वभागकर, चादर आजीच्या काळातली आहे, त्यामुळे १५ वर्षांची चिंता नाही. ग्राफची कल्पना फारच आवडली. अशोक चौकाच्या बाजूला कुणाकडे जुने कागदी ग्राफ अजून ठेवलेले असतील का? स्कॅन करून लगेच परत देईन.