जुन्या स्वेटरचे हातमोजे शिवायचेत, पण कात्री लावली की सगळं उसवतंय

पाथरीची_सून
नमस्कार सगळ्यांना. आमच्याकडं कॅनॉलची पाळी सुटलीये आणि मालकांना रात्रीचं गव्हाला दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी फिरवायला, जावं लागायलंय. रोज पेपरात परभणीच्या थंडीचा आकडा बघायचा आणि गप बसायचं, आज ९ उद्या ८, तो आकडा कृषी विद्यापीठातला असतो, आमचं वावर कॅनॉलच्या कडंला, तिथं त्याहून गार वाटतं. पहाटं घरी आले की बोटं अशी आखडलेली असतात की चहाचा कप धरता येत नाही, शर्टाच्या गुंड्या मी काढून देते. बाजारातून पाच बोटांचे मोजे आणले होते, आठ दिवसात अंगठ्याजवळ फाटले.

घरात जुने स्वेटर पडलेत. पोराचे शाळेचे निळे दोन, एक थंडीत ते तिबेटी लोक बसतात त्यांच्याकडनं घेतलेला, आणि एक सासूबाईंनी हातानं विणलेला मरून कलरचा, कोपरावर पार विरलाय. व्हिडिओत बघितलं तर लई सोपं वाटलं, हात ठेवा पेन्सिल फिरवा कापा शिवा झालं. शाळेच्या एका स्वेटरवर तसंच केलं. मशीनखाली धरला तर काठ ताणून ताणून तळलेल्या पापडासारखा झाला, आणि मालकांच्या हातात घालायला गेले तर टर्रकन टीप तुटली, मग बाहेर आलेलं टोक ओढलं तर ओळीच्या ओळी सुटत गेल्या. माझ्याकडं साधी पायमशीन आहे, सरळ टीपच येते, झिगझॅग नाही. चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा असा मोजा पाहिजे. सासूबाईंच्या स्वेटरला अजून हात लावला नाही, त्या म्हणायल्यात काप की, मी काय आता घालणार आहे का, पण माझी हिंमत होईना. कुणी केलंय का असं?

जालन्याचा_जावई
बाजारात ढीगभर मिळतात की ताई, एवढा कुटाणा कशाला

नांदेडची_ब्लाऊजवाली
वर दादांनी लिहिलंय त्यांनी रात्री दोन वाजता दारं धरून बघावं मग बाजारातले मोजे किती टिकतात ते सांगावं 😄

ताई, तुमची चूक एवढीच की आधी कात्री आणि मग टीप. विणलेल्या कापडाला उलटं असतं, आधी टीप मग कात्री. म्हणजे असं बघा. पेपरवर मालकांचा पंजा ठेवा, चार बोटं जुळवून, अंगठा थोडा बाहेर, ताणून नाही सैल. पेन्सिल फिरवली की त्या रेघेच्या बाहेर सगळीकडून दीड सेंटीमीटर सोडा, बोटांच्या टोकाला दोन सोडा, कारण पंजा जाड असतो, सपाट नसतो, आणि आपण हे विसरतो. मोजा घट्ट झाला तर उलट जास्त गार लागतं, आतली हवा राहत नाही आणि रक्तही नीट फिरत नाही.

आता कापड कसं ठेवायचं ते महत्त्वाचं. स्वेटरच्या खालची जी बॉर्डर असते ना ताणणारी, तीच मनगटावर यायला पाहिजे, म्हणजे वेगळं इलॅस्टिक लावायची गरज नाही आणि खालचा काठ आपोआप पक्का. स्वेटर उलटा करा, पुढचा मागचा भाग एकावर एक, पेपरचं मनगट बॉर्डरच्या काठाला टेकवा. ताण आडवा आला पाहिजे, पंजाच्या रुंदीत. मोठ्या माणसाच्या स्वेटरच्या घेरात आरामात एक जोडी बसते, कधी दोन बसतात. दुसऱ्या हाताला पेपर पालथा करायला विसरू नका, मी एकदा दोन्ही डाव्या हाताचे केलेत. (हे दोन्ही बाजू सारख्या असल्या तर चालून जातं, पण तळव्याला जाड कापड लावायचं असेल तर फसतं.)

मग न कापता खडूच्या रेघेवर टीप मारायची. मशीनचा टाका मोठा करा, ४ वर, कापड दाबून धरतो त्या मशीनच्या पायाचा दाब ढिला करा, आणि कापडाच्या खाली पेपरची पट्टी ठेवा म्हणजे दाते लोकर ओढत नाहीत, काठ पापडासारखा होत नाही. नंतर पेपर फाडून काढायचा. सुई बॉलपॉइंट घ्या १४ नंबर, म्हणजे गोल टोकाची, साधी टोकदार सुई धागाच तोडते आणि मग भोकापासून उसवतं. दोरा पॉलिस्टरचा, सुती दोरा ताण सहन करत नाही, तुमची टीप टर्र झाली ती त्यामुळंच असणार. टीप मारताना कापड दोन्ही हातांनी अगदी थोडं ताणून धरा. पहिल्या टीपेच्या बाहेर चार-पाच मिमी सोडून दुसरी टीप, आणि त्या दुसरीच्या बाहेर कात्री. अंगठा आणि पंजा जिथं मिळतात त्या बेचकीत बारीक टाका करून दोनदा फिरवा, नंतर तिथं टीपेपर्यंत एक छोटा काप द्या, टीप कापायची नाही हं, नाहीतर सरळ केल्यावर तिथं गोळा होतो.

बॉर्डरच्या भागावर मात्र मशीन चालवू नका, मनगट तिथंच ताणतं. तेवढं हातानं उलटी टीप घाला. आणि अजून एक, ब्लाऊज शिवणाऱ्या बाईकडं किंवा पिको-फॉलवाल्याकडं इंटरलॉक मशीन असते, काठ तिच्यातून काढून आणले तर प्रश्नच मिटला, दहा मिनिटाचं काम आहे, आमच्याकडं लोक चहावर करून घेऊन जातात.

औसा_रोड_काकू
सगळं बरोबर सांगितलंय पण बाई तू आधी बघ की स्वेटर कशाचा हाय. सगळ्या स्वेटरला आपण लोकर लोकर म्हणतो, पण शाळेचे नि बाजारातले बहुतेक ॲक्रेलिकचे असतात, लुधियानाहून येतात ते. आतलं लेबल बघ. लेबल गेलं असंल तर शिवणीतून एक धागा काढ, चिमट्यात धर नि दिव्यावर जाळ. खरी लोकर असंल तर केस जळल्यासारखा वास येतो, जाळ आपोआप विझतो नि राख चिमटीत चुरते. ॲक्रेलिक वितळतं नि थंड झालं की काळा टणक मणी होतो, चुरत नाही.

हे कशाला सांगूलालेय, तर खरी लोकर असंल तर उसवायची भीतीच घालवता येते. बंबातलं कडक पाणी बादलीत घे, साबण टाक नि स्वेटर मुद्दाम वाईट धू, म्हणजे जसं धुऊ नये म्हणून आपली सासू ओरडायची तसं. चोळ, आपट, पिळ, पुन्हा गरम पाणी. मग गार पाण्यात. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात, गरम पाणी साबण नि घासणी मिळून ते एकमेकांत अडकतात, कापड आटतं नि असं दाट होतं की टाके दिसंना. मग ते कसंबी काप, उसवत नाही, काठ दुमडायची बी गरज नाही. लगेच नाही झालं तर पुन्हा कर, मला तिसऱ्यांदा जमलं. पण आटल्यावरच पेपर ठेवून माप घे, आधी घेतलंस तर मोजा नातवाला होईल. ॲक्रेलिकचं कितीबी उकळ, काही होत नाही, निस्तं कळकट होतं.

नि घरात जुनं घोंगडं असंल तर त्याचा तुकडा तळव्याला लाव. दख्खनी मेंढीची लोकर राठ असती, अंगाला टोचती, पण बाहेरून लावली की दांडा धरायला झकास, नि दव लवकर आत जात नाही. त्याला चिंचोक्याची खळ असती म्हणून कडक लागतं, धुतलं की मऊ पडतं.

केजचा_गडी
मी शिवणकामातलं काही नाही सांगू शकत पण दोन गोष्टी सांगतो. आमचे आई-बाप १५ वर्षं ऊसतोडीला गेलेत, पहाटं चारला गाडीत बसायचं तेव्हा असले मोजे आईनं जुन्या बाह्यांचे केलेले, बाहीचं मनगट तसंच ठेवायचं, वरचं तोंड शिवून टाकायचं, अंगठ्यासाठी निस्ती चीर. गाडीत बसेपर्यंत एक नंबर. पण कोयता धरायची वेळ आली की काढून ठेवायचे, कारण मुठीत कोयता सरकतो, बापाच्या पिंढरीवर त्याची खूण आहे अजून. तेव्हा खोरं हातात घेऊन दारं फोडायची असतील तर तळव्याला काहीतरी धरणारं लावा, जुन्या जीन्सचा तुकडा नाहीतर वर काकू म्हणाल्या ते घोंगडं.

दुसरं शेकोटी. ॲक्रेलिकचा मोजा घालून जाळावर हात धरू नका देऊ मालकांना. ठिणगी पडली की ते जळत नाही नुसतं, वितळून कातड्याला चिकटतं. आमच्या टोळीत झालंय एकाचं. शेकताना मोजे खिशात.

रिटायर_वायरमन
आणि ओल्या मोज्यानं मोटारीचं स्टार्टर दाबायचं नाही. हे मी रागानं लिहितोय. पेटीत करंट उतरलेला असतो, मोजा ओला असतो, माणसाला वाटतं मोजा आहे म्हणजे सेफ आहे. ओली लोकर काही इन्सुलेशन नाही. मोजा काढा, हात कोरडा करा, पायात चप्पल पाहिजे, मग बटण.

पाथरीची_सून
@वायरमन काका, आमचं सध्या कॅनॉलचं पाणी आहे पण विहिरीवर पण मोटार आहे, सांगते त्यांना. हे डोक्यातच नव्हतं आलं.

@काकू आत्ताच धागे जाळून बघितले. शाळेचे दोन्ही आणि तिबेटी लोकांचा पण, सगळ्यांचे मणी झाले. सासूबाईंचा मरून मात्र जळाला तर अख्ख्या घरात केसांचा वास, पोरगं पळत आलं काय जळालं म्हणून. सासूबाई म्हणाल्या मग, मी काय खोटी लोकर आणली होती का.

नांदेडची_ब्लाऊजवाली
मग तो कापू नका! हातचं विणलेलं आहे ना, ते कापायचं नसतं, उसवायचं असतं. गळ्याकडनं शेवटचं टोक सापडलं की एका धाग्यात सरसर निघतं. दुकानातल्या बहुतेक स्वेटरचं असं होत नाही बरं का, ते थानातून कापून इंटरलॉक मारलेले असतात, उसवले तर हातभर हातभर तुकडेच हातात येतात. सासूबाईंना सुया धरता येतात अजून?

औसा_रोड_काकू
हे माझ्या डोक्यात कसं नाही आलं. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळ, चार जागी ढिली बांध, कोमट पाण्यात बुडव, नि पिळू नको, तशीच टांगून वाळव, म्हणजे कुरळेपणा जातो. वळ्या राहिल्या तर टाके वाकडे येतात. कोपरावरची विरलेली लोकर फेकून दे, तिथंच पहिल्यांदा भोक पडंल.

हिंगोली_नवी_आई
मधेच विचारते, बाळाला असेच करता येतील का? ४ महिन्यांचं आहे. शाळेचा एक स्वेटर आमच्याकडं पण आहे

नांदेडची_ब्लाऊजवाली
येतील, अंगठा नको, नुसती पिशवी. पण आत एकही मोकळा धागा नको, बाळाच्या बोटाला गुंडाळला तर कळत नाही आणि बोट सुजतं. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा, दिसली तर दिसू दे. आणि गळ्याभोवती दोरी बिलकुल नाही.

पाथरीची_सून
आठवड्यानं लिहायलेय, माफ करा. तिबेटी लोकांकडच्या स्वेटरचे मोजे झाले. पेपरची पट्टी ठेवून टीप मारली, खरंच लाटा नाही आल्या. दोन टीपा मारून मगच कापलं, बेचकीत काप देताना हात थरथरत होता. बॉर्डर हातानं शिवली. आतून पोराच्या जुन्या टीशर्टचं अस्तर लावलं, मोज्यापेक्षा जरा आत कापून, आणि तळव्याला जीन्स. पहिल्या रात्री मालक दोन तासात ओले करून आले, म्हणाले दारं मोडताना पाण्यात हात जातोच. मग आता असं ठरलंय की पाण्यात हात घालायच्या वेळी मोजा काढून छातीशी आत ठेवायचा, आणि दारं लावून बांधावर बसले की घालायचा. दोन जोड्या केल्यात, एक वाळत असती. सकाळी कप धरतात आता. गुंडी अजून मीच काढते पण ते वेगळं 😄

मालक एकदा गाडीवर घालून गेले पाथरीपर्यंत, ते मात्र बंद केलं मी. चार बोटं एका पिशवीत, ब्रेकच्या दांडीवर दोनच बोटं जायला पाहिजेत तिथं सगळा पंजा जातो, क्लच नीट सुटत नाही. गाडीला वेगळे.

आणि मरून स्वेटर. सासूबाईंनी स्वतःच उसवायला घेतला, गळ्याचं टोक पंधरा मिनिटं सापडेना, मग दातानं गाठ सोडवली. उन्हात खुर्चीवर लोकर टाकली होती तर शेजारच्या काकू येऊन बसल्या, त्यांना वाटलं नवीन आणली. १० नंबरच्या सुया मी आणून दिल्या, त्यांच्या जुन्या कुठं गेल्या माहिती नाही. ४८ टाके घेतलेत, मनगटाची बॉर्डर झाली, पंजा वर चाललाय. डोळ्याला चष्मा असून लाईटखालीच बसतात.

आता अंगठ्यापाशी अडलंय. त्या म्हणतात ९ टाके वेगळ्या दोऱ्यावर ठेवायचे, वर तेवढेच नवीन घालून पुढं जायचं आणि शेवटी दोन्हीकडचे उचलून अंगठा गोल विणायचा. मालकांचा अंगठा जाड आहे, मला ९ कमी वाटायलेत. त्या म्हणतात मला शिकवू नको. कुणी मोठ्या माणसाचा विणलाय का, किती ठेवले होते?

औसा_रोड_काकू
९ चे उचलल्यावर १८ होतात, वर बेचकीत भोक राहू नये म्हणून दोन्ही बाजूनं एकेक जास्तीचा उचलायचा, २० झाले. पुरतात गं. सासूबाईंचं ऐक.