कशेळीच्या घराला नाव सुचवा (पाटीचं बजेट 8,000, त्याच्या वर नाही)

कातळफूल:
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात कशेळीला आमचं जुनं चिरेबंदी घर आहे. बाबा निवृत्त झाल्यावर आईबाबा तिथेच राहायला गेले. चार खोल्या नीट करून घेतल्यात, दोन वेळचं जेवण घरचं. दिवाळीच्या सुट्टीपासून पाहुणे घ्यायचेत. सगळं झालंय, फक्त नाव अडलंय.

बाबांना 'सडा' हवंय. घर अगदी सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळाच्या, कडेला आहे, मागचं दार उघडलं की कातळच. मलाही आवडलं होतं. पण ऑफिसातली दिल्लीची मैत्रीण म्हणाली, "हिंदीत सडा म्हणजे कुजलेलं. आणि तुम्ही जेवणही देणार?" तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. नाव सुचवा, आणि पाटी कशाची करायची तेही सांगा. पाटीला 8,000 बाजूला ठेवलेत, त्याच्या पुढे खरंच जाता येणार नाही.

नाना_सदाशिवपेठ:
नाव नुसतं मंगल असून भागत नाही, हे पहिलं लक्षात घ्या. आमच्या मेव्हण्यांनी दापोलीजवळ पाच खोल्या बांधल्या. घरात विष्णूची उपासना, म्हणून मोठ्या श्रद्धेने नाव ठेवलं 'वैकुंठ'. पहिलंच बुकिंग पुण्याच्या नवी पेठेतलं. मेव्हण्यांनी आदल्या दिवशी आपुलकीने फोन केला, "वैकुंठातून बोलतोय. आमची सगळी तयारी झाली आहे, कधी निघताय?" फोन नेमका आजींनी उचलला होता. पुण्यातल्या माणसाला वैकुंठ म्हणजे काय ते सांगायला नको, त्यातून नवी पेठ म्हणजे स्मशानाच्या शेजारचीच. बुकिंग रद्द झालं, वर आजींची समजूत घालायला मुलाचा फोन आला तो वेगळाच.

आता 'श्रीहरी' केलंय. एलईडी अक्षरांचा बोर्ड केला, 45,000 लागले, पण रात्री लांबून दिसतो. तुम्हीही तोच करा.

कातळफूल:
नाना, बजेट 8,000 आहे हो.

नाना_सदाशिवपेठ:
पाटी एकदाच होते. खर्चाकडे बघू नका.

लेक_चिपळूणची:
'माहेर' मात्र ठेवू नका, कळकळीने सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच मैत्रिणी अशाच एका 'माहेर'ला गेलो होतो. गाव सांगत नाही. आम्ही सगळ्या घरी पहाटे उठून डबे करणाऱ्या बायका. त्या दिवशी जरा निवांत उठलो, सव्वानऊला खाली आलो, तर "नाश्त्याची वेळ नऊपर्यंतच असते." माहेरी कुणी नाश्त्याची वेळ संपली म्हणतं का? 'सागर लॉज' असतं तर मी चकार शब्द काढला नसता. एवढं मोठं नाव घेतलं की तेवढं वागावंही लागतं. घावन्यांचा वास येत होता हो आतून!

मालवणी_झील:
गो ताय, नावाचा सोड, आधी फळ्यार काय लिवतलंस ता बघ. माझ्या आत्येच्या झिलान देवबागाक खानावळ घातल्यान. फळ्यार खडून लिवल्यान, 'आज ताजी मोरी मिळेल'. नाशिकची मंडळी गाडीतसून उतारली, फळो वाचल्यानी आणि परत गाडीत जावन बसली. आत्येक काय कळाक नाय. मगे ड्रायव्हरान सांगल्यान, तेंच्याकडे मोरी म्हणजे न्हाणीतली.

नाना_सदाशिवपेठ:
मग कोणता मासा तो?

मालवणी_झील:
शार्क. ल्हान शार्क. मोरीचा मटाण खावन बघा एकदा, नाव इसारतलास. आणि मुडदुशे लिवायचे झाले तर बाजूक चित्र काढा. 'मुडदुशे फ्राय' वाचून एक बाई घाबारली होती. मासो एवढो गोड, पण नावान मार खाल्ल्यान.

चिरेखाण:
पाटीबद्दल कुणीच धड सांगत नाहीये, म्हणून लिहितो. माझा फॅब्रिकेशनचा धंदा आहे, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर, पंधरा वर्षं झाली.

फ्लेक्स नको. जूनच्या पहिल्या वाऱ्यात शीड होतं त्याचं आणि कोपऱ्यातून फाटतं. लोखंडी फ्रेमला कितीही रंग काढा, जोडाच्या जागी खारी हवा शिरते आणि गंजाचे ओघळ थेट अक्षरांवर येतात. स्टीलची अक्षरं हवी असतील तर 316 ग्रेड मागा. 304 ला समुद्राजवळ तांबूस डाग पडतात, आणि गिऱ्हाईक मला शिव्या घालतं. पण 316 तुमच्या पैशात बसणार नाही.

तुमच्या बजेटात फणसाची जुनी फळी घ्या. गावात कुणाच्या तरी माळ्यावर नक्की पडलेली असेल. रंधा मारून, तेल पाजून, पेंटरकडून ऑइलपेंटने अक्षरं काढून घ्या. वर दोन कौलांचं छोटं छप्पर द्या, म्हणजे पाऊस सरळ अंगावर येणार नाही. दर दोन वर्षांनी मे महिन्यात एक हात. माझ्या हिशोबाने साडेतीन-चार हजारांत होईल. जांभ्या चिऱ्यात अक्षरं कोरायच्या फंदात पडू नका, दगड सच्छिद्र आहे, बारीक कड टिकत नाही, शेवाळ धरतं.

पाटीवाचक:
नाव काहीही ठेवा, देवनागरीत मोठं हवं. हा माझ्या आवडीचा प्रश्न नाही, कायदा आहे. दुकाने व आस्थापना कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, आता दहापेक्षा कमी कामगार असले तरी मराठी पाटी लागते. मराठी अक्षरं आधी, आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर 2023 मध्ये दोन महिन्यांची मुदत देऊन पाट्या बदलायला सांगितल्या होत्या. त्याच दुरुस्तीत आणखी एक आहे, जिथे दारू मिळते तिथे थोर व्यक्तींचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव देता येत नाही. ते तर व्हायलाच हवं होतं.

आणि कृपा करून 'सी व्ह्यू' ठेवू नका. कोकणात येऊन 'सी व्ह्यू' वाचायचं म्हणजे जीव तुटतो. पुळण, खाजण, वेळ, आगर, पाणंद, गडगा, व्हाळ, एवढे शब्द पडलेत आपल्याकडे.

ठाण्याचा_बाळू:
मुंबईच्या माणसाला गडगा कळतो का? 'सी व्ह्यू' लिहिलं की त्याला कळतं काय मिळणार आहे. धंदा करायचाय की शब्दकोश लिहायचाय?

पाटीवाचक:
गडगा म्हणजे बागेभोवतीची दगड रचून केलेली भिंत. एकदा विचारलं की जन्मभर लक्षात राहतो. आणि 'सी व्ह्यू' म्हणता, तर गेल्या मे महिन्यात मी ज्यात उतरलो तिथे समुद्र बघायला टाकीवर चढावं लागत होतं. खोलीच्या खिडकीतून शेजारच्यांचा गोठा.

ठाण्याचा_बाळू:
ते मालक तसे असतील. नावाचा काय दोष?

पुळणकर:
मी दिवेआगरला खोल्या चालवतो, तेव्हा माझं ऐका. मी नाव ठेवलं होतं 'ओहोटी'. ओहोटीच्या वेळी आमची पुळण लांबच लांब उघडी पडते, ओल्या वाळूवर आकाश उतरतं, ते बघायलाच लोक येतात. मला त्याहून सुंदर शब्द सुचत नव्हता. कर्जाला गेलो तर बँकेतल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "धंद्याचं नाव ओहोटी?" किराणावाल्याने पहिल्या महिन्यात उधारी दिली नाही. आईलाही ते नाव पहिल्यापासून खटकत होतं.

म्हणून उलट केलं, 'भरती'. आठवड्याभरात पोरं यायला लागली, हातात झेरॉक्सची फाईल. "काका, कसली भरती? शेवटची तारीख किती?" एक जण महाडवरून मोटारसायकलने आला होता. त्याला चहा आणि पोहे दिले, पण त्याचा उतरलेला चेहरा आजही डोळ्यांसमोर आहे. दुसऱ्या दिवशी पाटी काढली. आता 'पुळण' आहे, सहा वर्षं झाली, कुणाला काही खटकलेलं नाही. तुम्ही 'सडा'चा हट्ट सोडा. नाव एकदा लोकांच्या तोंडी बसलं की बदलताना फार त्रास होतो, मी दोनदा भोगलाय.

लेक_चिपळूणची:
त्या मुलाचं वाचून गलबलून आलं.

मी_मिरजकर:
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण 'वैकुंठ' वगैरे ठेवू नका, पुण्याचे लोक घाबरतात.

नाना_सदाशिवपेठ:
तेच मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं आहे.

रानवाट:
मी 'सडा'च्या बाजूने. मी दर ऑगस्टमध्ये रत्नागिरी-राजापूरचे सडे फिरते. मेमध्ये जो कातळ तव्यासारखा पोळतो, त्याच्यावर पावसात बोटभर माती नसतानाही 'सीतेची आसवं' ही निळीजांभळी फुलं उगवतात, इतकी की पाय कुठे ठेवावा कळत नाही. मराठी माणसाला सडा म्हटलं की अंगणातला शेणाचा सडा आठवतो, प्राजक्ताचा आठवतो. एका शब्दात इतकं कुठे मिळणार? हिंदीवाल्यांना खाली एक ओळ लिहून सांगा.

शिवाय कशेळीचं हत्तीचं कातळशिल्प तुमच्याच गावात! जवळजवळ 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद, त्या हत्तीच्या पोटात मासे, पक्षी, प्राणी कोरलेत. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, त्यात कशेळी आहे. नाहीतर सरळ 'कातळशिल्प' ठेवा.

पुळणकर:
'कातळशिल्प' नको. लोक तुमच्या अंगणात शिल्प शोधत बसतील. नाहीच दिसलं की खाली एक तारा देऊन जातील.

ठाण्याचा_बाळू:
नावाचं काहीही करा, पण नकाशावर 'कशेळी, ता. राजापूर' असं पूर्ण लिहा. ठाण्याजवळही कशेळी आहे, भिवंडीच्या वाटेवर. माझा मेहुणा तुमच्या कशेळीतल्या कनकादित्याच्या देवळात दर्शनाला निघाला आणि फोन त्याला घोडबंदरच्या बाजूने खाडीपुलावर घेऊन आला. वाटही लिहून ठेवा, रत्नागिरी, पावस, पूर्णगड, गावखडी, मग कशेळी. गावखडीनंतर रेंज जाते.

कातळफूल:
सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद रविवारी बाबांना फोनवर वाचून दाखवले. भरतीच्या मुलाशी आले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

मी 'पाणंद' वर आले होते, आईला 'प्राजक्त' आवडलं होतं. बाबा म्हणाले, "मी सहावीत असताना गुरं घेऊन याच सड्यावर जायचो. आई मागच्या दारातून हाक मारायची, 'सड्यार हस रे?' आजपर्यंत मला कुणी विचारलं कुठला, तर मी सड्यावरचा असंच सांगितलंय. मग घराला दुसरं नाव कसं देऊ?" त्यावर मला काही बोलता आलं नाही.

तर नाव 'सडा'च राहिलं. चिरेखाण दादा, फळी आमच्याच माळ्यावर निघाली, आजीच्या वेळच्या पाळण्याच्या कडेची. पेंटर आडिवऱ्याचा. फळीला तेल, रंग, कौलं आणि त्याची मजुरी धरून 3,700 झाले. वर मोठं 'सडा', खाली 'राहण्याची व घरगुती जेवणाची सोय'. दिल्लीच्या मैत्रिणीला फोटो पाठवला, ती पहिल्या आठवड्यात स्वतः येतेय. नकाशावर तालुका लिहिलाय. आणि नाश्ता अकरापर्यंत मिळेल, चिपळूणच्या ताई, तुम्ही पाचही जणी या.

मालवणी_झील:
बरा झाला. मोरी गावतली मा?

कातळफूल:
साखरीनाट्याहून बाबा स्वतः आणतात, मिळेल त्या दिवशी. फळ्यावर चित्र काढू.