गणपतीत डब केलेला सिनेमा नको म्हणतोय मी, चुकतोय का?

निपाणीचा_पोरगा:

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीत गणपतीत दोन रात्री पडदा लावतात, सतरंज्या टाकून दीडशे-दोनशे माणूस बसतंय, म्हाताऱ्यांपासनं बारक्या पोरांपर्यंत. यंदा काय दाखवायचं ते ठरवायचं काम माझ्याकडं आलंय आणि पोरांबरोबर माझं वाजलंय. पोरं म्हणतात कांतारा लावू, मूळचा कन्नड सिनेमा, पण हिंदीत डब केलेला. मी म्हटलं लावा की, पण कन्नडमधला लावा, खाली सबटायटल असू दे.

माझं मत सरळ आहे. सिनेमातलं माणूस ज्या गावचं असेल त्या गावच्या बोलीत बोललं पाहिजे. तेवढं जमलं की बाकीच्या चुका मी पोटात घालतो, आणि ते नाही जमलं तर कॅमेरा किती का भारी असेना, मला उंबऱ्याबाहेरच बसवल्यासारखं वाटतंय. कांतारात शेवटी भूतकोल्याला, म्हणजे अंगात दैव येऊन नाचतात त्याला, जी आरोळी आहे ती कुठल्याबी भाषेत अंगावर येते हे खरं, पण त्याआधी आई पोराला झोडते, गावातली माणसं एकमेकांची चेष्टा करतात, भांडतात, ते सगळं किनारपट्टीच्या कन्नडमध्ये ऐकलं तरच गाव उभं राहतंय. हिंदीत ऐकलं तेव्हा नुसती मारामारी बघितल्यासारखं झालं मला.

उलटं बघायचं तर तुंबाड. पाऊस, वाडा, अंधार, सगळं मनात बसलेलं आहे माझ्या, पण १९१८ सालच्या कोकणातला पोरगा आईशी हिंदीत बोलतोय हे मला शेवटपर्यंत टोचत राहिलं. बाजार मोठा पाहिजे म्हणून तसं करावं लागतंय हे कळतंय, तरी टोचलंच.

सैराटबद्दल लोक गाण्यांचंच बोलतात. मला त्याचा इंटरव्हलनंतरचा भाग जास्त आवडतो, जो बऱ्याच जणांना रटाळ वाटतो. हैदराबादला गेल्यावर आर्चीला तेलुगूचं एक अक्षर येत नाही, गावात बुलेट उडवणारी पोरगी तिथं गप्प होते, आणि मग कारखान्यातल्या मैत्रिणीकडनं एकेक शब्द शिकते. भाषा गेली की माणसाचा तोरा कसा जातो आणि भाषा आली की पाय कसे टेकतात, हे आपल्या सीमाभागात ज्याला कचेरीत अर्ज घेऊन जावं लागलंय त्याला सांगायला नको. सैराटवरनंच केलेला हिंदीतला धडक बघताना हेच सगळं निसटलंय असं वाटत राहिलं, जातीचं तर त्यात नावापुरतंच उरलंय.

आता डॉक्युमेंटरी. वाइल्ड कर्नाटक २०२० ला थेटरात लागली होती, डेव्हिड अटेनबरोंचा आवाज, वाघ, हत्ती, किंग कोब्रा, चित्र बघून डोळे निवतात. पण बावन्न मिनिटं वरनं एकच आवाज सांगत राहतो आणि त्या जंगलाच्या कडेला राहणारी माणसं आपल्या तोंडानं काही बोलत नाहीत, मला तिथं भूक राहिली. त्यापेक्षा ऑल दॅट ब्रीद्स बघा. दिल्लीतले दोन भाऊ घराच्या तळघरात जखमी घारींवर इलाज करतात, मांज्यानं पंख कापलेल्या घारी खोक्यात भरून येतात, आणि सांगणारा कुणी नाही, भाऊच आपापसात बोलतात, वैतागतात, पैशावरनं भांडतात. कान चित्रपट महोत्सवात २०२२ ला तिला डॉक्युमेंटरीचं बक्षीस मिळालं होतं, बरोबर मिळालं.

आणि ज्याच्यासाठी एवढं लिहायलोय ते शेवटी. आपल्या निपाणीवर एक डॉक्युमेंटरी आहे, किती जणांना माहीत आहे? 'तंबाखू चाकीला ऊब आली', १९८२ सालची, युगांतर नावाच्या गटानं केलेली, दीपा धनराज त्यात होत्या. पंचवीसेक मिनिटं, ब्लॅक अँड व्हाइट, तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका, त्यांची संघटना, त्यांचा संप. माझी आई वीस वर्षं वखारीत होती, अजून घर झाडताना नाका-तोंडाला पदर बांधते, ती सवय गेली नाही. तिला मोबाइलवर लावून दिली. पहिल्यांदा काहीच बोलली नाही, चष्मा पुसून परत लावला, मग एक बाई बोलायला लागल्यावर म्हणाली, "ही आमच्यासारखीच बोलालीय की." आम्ही मधे बोलायला लागलो तर गप्प बसवलं आम्हाला, आणि तेवढा भाग परत लावायला सांगितला.

तर मला ही गल्लीत दाखवायचीय. माणसं बसतील का? आणि कांताराचं काय करू?

खानापूर_घाट:

दादा, मत पटलं पण एक विचारतो. सबटायटल वाचणार कोण? माझी आज्जी शाळेत गेलेली नाही. कन्नड तिला बाजारापुरतं येतंय, हिंदी टीव्हीवरच्या मालिकांमुळं कानाला बसलंय. कांतारा तिनं हिंदीतच बघितला आणि अंगात दैव आल्यावर तिनं हात जोडले, पदर डोक्यावर घेतला. तिला जे मिळालं ते डबिंगमुळंच मिळालं, तुमच्या नियमानं ती सतरंजीवरनं उठून घरी गेली असती. बोली पाहिजे हे शंभर टक्के, पण पडदा गल्लीत लावायलाय तर आधी गल्लीतल्या माणसाला कळलं पाहिजे.

जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा तेव्हा कोण बघत होतं भाषा कुठली ते. त्या तंबूवाल्यांवर द सिनेमा ट्रॅव्हलर्स म्हणून डॉक्युमेंटरी आहे, २०१६ ची, महाराष्ट्रातल्या जत्रांतनं फिरणारे ट्रक, गंजलेले प्रोजेक्टर, आणि रीळ बंद होऊन डिजिटल येतंय तेव्हा त्या माणसांचं काय होतंय ते. त्यातला प्रोजेक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री मशीनला हात लावतो तो बघाच, आपल्या घरातल्या म्हशीला लावावा तसा. मोठ्या पडद्यावर बघायची आहे ती.

मास्तर_चिकोडी:

कांतारावर भांडायचं सोडा, फँड्री लावा. मराठीच आहे, वाचायचा प्रश्न नाही, आणि बोलीचं म्हणाल तर नावातच आहे. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. मी सातवीच्या पोरांना हे सांगितलं तर मागच्या बाकावरची कन्नड घरातली एक पोरगी म्हणाली सर आमच्यात हंदी म्हणतात. मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले. जुन्या कन्नडमध्ये तो पंदीच होता, पुढं प चा ह झाला, जसं पालुचं हालु झालं. कैकाडी ही तमिळ-कन्नडच्याच घराण्यातली. म्हणजे सिनेमातला पोरगा जब्या, त्याच्या घरातला तो शब्द पुण्याच्या प्रेक्षकाला परका, आपल्याला मात्र शेजारच्या घरातला आहे. ज्या शब्दानं त्या पोराला शाळेत चिडवतात तो शब्द त्याच्या आईबापाच्या भाषेतला साधा शब्द आहे, हे मला तेव्हा नव्यानं लागलं.

डुक्कर धरताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे उभे राहतात, डुक्कर पळतंय तरी हलता येत नाही, जब्याच्या बापाचं काम करणाऱ्या किशोर कदमांचा चेहरा तेवढा बघत राहा. माझ्या मते मराठीत गेल्या पंधरा वर्षांत याच्यापेक्षा मोठा प्रसंग कुणी घेतलेला नाही. सैराटपेक्षा फँड्री वरचा, यावर मी कुणाशीबी वाद घालायला तयार आहे.

वडगावची_अक्का:

मास्तर, फँड्रीला माझापण हात वर. फक्त एक सांगते, दोन रात्री आहेत तर जोगवाचा विचार करा, यल्लम्माला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणीवरचा सिनेमा. २००९ चा, उपेंद्र लिमयेंना त्याच्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, अजय-अतुलना संगीतासाठी मिळाला. सौंदत्तीची यल्लम्मा आपल्याच जिल्ह्यातली, आमच्या माहेरासमोरनं पौर्णिमेला बैलगाड्या जायच्या, भंडाऱ्यानं रस्ता पिवळा व्हायचा, आणि त्या गाड्यांत आमच्या वर्गातली एक मुलगी गेली ती परत शाळेत आलीच नाही. देवदासी सोडायला बंदी करणारा कायदा कर्नाटकात १९८२ चा आहे, ही त्यानंतरची गोष्ट.

तरी तक्रार आहे माझी. जीव रंगला गाणं एवढं गोड आहे की लोकांना गाणंच लक्षात राहिलं, लग्नाच्या व्हिडिओत लावतात, आणि लिमयेंनी केलेल्या तायप्पाला जबरदस्तीनं लुगडं नेसवतात ते विसरतात. ते दृश्य मी एकदाच बघू शकले. दाखवणार असाल तर नंतर दहा मिनिटं बायकांना बोलू द्या, आमच्या इथं प्रत्येक घरात कुणाचं तरी आठवणार आहे.

आणि डॉक्युमेंटरीला माणसं बसतील का म्हणता, वखारीतल्या बायकांना नुसतं सांगा की तुमचं दाखवायलोय. बघा बसतात का नाही.

शहापूर_पेठ:

चार माणसांत दाखवायला परवानगी लागते हे विसरू नका, आधी सिनेमाच्या मालकांना मेल करा. आणि दहानंतर स्पीकर बंद, पोलीस येऊन वायर काढायला सांगतात. सैराट जवळजवळ तीन तासांचा आहे, तो बसणार नाही.

निपाणीचा_पोरगा:

खानापूरच्या दादांचं लागलं मला. सबटायटलचा विचार करताना माझ्या डोळ्यासमोर मी नि माझे मित्रच होते, आज्जी नव्हती. डब केलेला मला अजून आवडत नाही, ते मत बदललं नाही, पण गल्लीत वाचायला लागेल असं काही लावणार नाही. कांतारा यंदा राहू दे.

वेळेचा हिशोब केला. आरती साडेसातला संपते. आधी तंबाखूवाली पंचवीस मिनिटं, मग फँड्री पावणेदोन तास, पावणेदहाला उरकतंय. दुसऱ्या रात्री जोगवा, अक्का म्हणतात तसं नंतर बायकांना बोलायला वेळ ठेवून, माइक त्यांच्याच हातात देऊ. मेल आजच टाकतो तिन्हीसाठी.

पोरं अजून थोडी नाराज आहेत, फँड्रीतली हलगी वाजली की येतील जवळ. आईला सांगितलं तर तिनं वखारीतल्या आणखी तिघींना निरोप धाडलाय. त्यांना सतरंजीवर बसायला गुडघे देत नाहीत, पुढं चार खुर्च्या ठेवतोय.