लंडनमध्ये सहा जणांचे कुटुंब: बस, ट्यूब आणि ऑयस्टर कार्डाचे गणित कसे बसवावे?

नमस्कार.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही लंडनला जात आहोत: आम्ही दोघे, सत्तरी ओलांडलेले आई-बाबा, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. गुरुवारी सकाळी हीथ्रोला उतरू आणि पुढच्या बुधवारी रात्री परत निघू. मुक्काम अर्ल्स कोर्ट स्थानकाजवळ आहे. विमानाची तिकिटे आणि हॉटेल यांतच बराच पैसा गेल्यामुळे शहरात फिरण्याचा खर्च आटोक्यात ठेवायचा आहे. मात्र आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे चार पैसे वाचवण्यासाठी तिला ट्यूबचे, म्हणजे भुयारी रेल्वेचे, जिने चढायला लावणे मला मान्य नाही.

साउथ केन्सिंग्टनची संग्रहालये, ट्रफाल्गर चौक आणि नॅशनल गॅलरी, टॉवर ऑफ लंडन आणि ग्रिनिच एवढे नक्की पाहायचे आहे. त्याशिवाय डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये जिथे राहिले आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये जे विकत घेतले, ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर पाहण्याची बाबांची मनापासून इच्छा आहे. बाकी सारे राहिले तरी चालेल, पण हे राहू नये.

वाचून मला एवढे समजले आहे की बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, भाडे भरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र कार्ड लागते (बँकेचे, किंवा ऑयस्टर हे पैसे भरून वापरायचे प्रवासकार्ड) आणि दिवसभरात ठरावीक रकमेपेक्षा जास्त भाडे कापले जात नाही. आठवड्याचीही अशी कमाल मर्यादा आहे, पण तो आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात. आमचे दिवस गुरुवार ते बुधवार असल्यामुळे त्याचे दोन तुकडे पडतात आणि दोन्हींपैकी एकाही तुकड्यात ती मर्यादा गाठली जाणार नाही, असे दिसते. मग कोणत्याही दिवसापासून सुरू होणारे सात दिवसांचे ट्रॅव्हलकार्ड, म्हणजे बस आणि ट्यूब दोन्हींचा पास, सर्व मोठ्यांसाठी घ्यावे का? आई-बाबांना ज्येष्ठ नागरिक म्हणून काही सवलत मिळेल का, मुलीचे पूर्ण भाडे भरावे लागेल का, आणि हीथ्रोहून येताना एलिझाबेथ लाइन हा रेल्वेमार्ग घ्यावा की पिकॅडिली लाइन हा ट्यूबचा मार्ग, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आठवड्याच्या मर्यादेविषयीचे आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. झोन १-२ चे (म्हणजे शहराच्या मध्यभागातल्या भाडे-विभागांचे) सात दिवसांचे ट्रॅव्हलकार्ड साधारण पाच दिवसांच्या कमाल भाड्याएवढ्या किमतीत मिळते, त्यामुळे रोज दिवसभर ट्यूबने फिरणाऱ्याला आपल्यासारख्या तारखांत ते निश्चित परवडते. परंतु आपली यादी आणि आईंचे गुडघे पाहता मी ते कोणासाठीही घेणार नाही. आपल्या यादीतले बहुतेक सारे बसमधून पाहून होण्यासारखे आहे.

२०२५ च्या दरांनुसार मोठ्यांसाठी बसचे भाडे १.७५ पाउंड आहे, अंतर कितीही असो आणि वेळ कोणतीही असो. दिवसाची मर्यादा ५.२५ पाउंड, म्हणजे तीन भाडी भरून झाली की त्या दिवशीच्या पुढच्या बस फुकट. शिवाय पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून तासाभरात ज्या ज्या बसमध्ये चढाल, त्यांचे वेगळे भाडे लागत नाही. शेवटच्या बसमध्ये तासाच्या आत चढलात की पुरे, उतरायला कितीही वेळ लागू दे. एकच कार्ड मात्र शेवटपर्यंत वापरावे, कारण तेच बँक खाते असले तरी फोन आणि प्लास्टिकचे कार्ड ही यंत्रणेच्या दृष्टीने दोन वेगळी कार्डे ठरतात.

मोठ्या चौघांनी ऑयस्टर कार्डावर सात दिवसांचा बस आणि ट्राम पास घ्यावा, तोही कोणत्याही दिवसापासून सुरू होतो. त्याच कार्डात थोडे पैसे भरून ठेवले की ट्यूबचे भाडे त्यातून कापले जाते. कार्डाचे शुल्क परत मिळत नाही, पण निघताना १० पाउंडांपर्यंतची शिल्लक स्थानकातल्या मशीनवर परत घेता येते. परदेशी व्यवहारावर आपल्या बँका जे शुल्क लावतात, तेही कार्डात एकदाच पैसे भरल्यामुळे हिशेबात राहते.

आठ वर्षांच्या मुलाला बसमध्ये कार्डच नको, आणि ट्यूबमध्ये तो तुमच्यासोबत रुंद फाटकातून विनामूल्य जाईल. मुलीचे ऑयस्टर घेतल्यावर तिला सोबत घेऊन ट्यूब स्थानकातल्या कर्मचाऱ्याकडून त्यावर 'यंग व्हिजिटर' सवलत चढवून घ्या. ११ ते १५ वर्षांच्या पाहुण्या मुलांना १४ दिवसांपर्यंत निम्मे भाडे लागते. हे मशीनवर होत नाही आणि आपणहून कोणी सांगत नाही, म्हणून हीथ्रोच्या स्थानकातच मागून घ्या. ज्येष्ठांचा मोफत प्रवास फक्त तिथल्या रहिवाशांसाठी आहे.

हीथ्रोहून पिकॅडिली लाइनच घ्या. एलिझाबेथ लाइन वेगवान आणि सुखाची आहे, पण तिचे भाडे दुपटीहून अधिक पडते आणि तुमच्यासाठी पिकॅडिली थेट अर्ल्स कोर्टला जाते, जिथे लिफ्ट आहे. साउथ केन्सिंग्टनला पिकॅडिलीच्या फलाटावर लिफ्ट नाही, म्हणून संग्रहालयांना ७४ क्रमांकाच्या बसने जा. ट्रफाल्गर चौकातून टॉवरकडे १५ क्रमांकाची बस सेंट पॉल्सवरून जाते. वरच्या मजल्यावरची पुढची जागा मुलांना मिळाली तर वेगळी टूर-बस घ्यायची गरज उरणार नाही. दुपारनंतर मध्य लंडनमध्ये बस फार रखडतात, हा तिचा खरा दोष आहे, त्यामुळे लांबची ठिकाणे सकाळी उरकावीत.

ग्रिनिचसाठी टॉवरजवळच्या टॉवर गेटवे स्थानकातून डीएलआर (डॉकलंड्स लाइट रेल्वे) घ्या. तिच्या सर्व स्थानकांत जिन्याशिवाय फलाटावर जाता येते. वाटेत एकदा गाडी बदलून कटी सार्कला उतरा. डीएलआरच्या बहुतेक स्थानकांत फाटक नसते, तेव्हा आत जाताना आणि बाहेर पडताना खांबावरच्या यंत्राला कार्ड टेकवायला विसरू नका, नाहीतर कमाल भाडे कापले जाते. बोटीनेही ऑयस्टरवर जाता येते, पण तिचे भाडे दिवसाच्या मर्यादेत धरत नाहीत.

बाबांच्या इच्छेचे सांगायचे तर ट्रफाल्गर चौकातून २४ क्रमांकाच्या बसने कॅम्डेन टाउनला जा आणि तिथून ३१ ने चॉक फार्मला. किंग हेन्रीज रोड तिथून जवळ आहे. घर उघडे असण्याच्या वेळा निघण्यापूर्वी पाहून घ्या.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. मुलीच्या सवलतीविषयी मला काहीच कल्पना नव्हती. चौघांसाठी बस पास आणि कार्डात ट्यूबपुरते पैसे, असेच ठरवत आहे. किंग हेन्रीज रोडचा दिवस शुक्रवारी सकाळीच ठेवतो, म्हणजे काही अडले तरी पुन्हा जाता येईल. चॉक फार्मच्या बस थांब्यापासून त्या घरापर्यंत चढ आहे का, एवढे कोणी तिथे जाऊन आलेल्यांनी सांगावे. आईला त्यावरून व्हीलचेअर घ्यायची की काठी, हे ठरवता येईल.